चौथे प्रकरण बाहेरून येते तेव्हा

विद्यापीठाच्या गेटबाहेर झेरॉक्स, टायपिंग आणि बायंडिंगची दुकाने असतात. त्यांच्या काचेवर आता आणखी एक ओळ दिसू लागली आहे: ‘एसपीएसएस डेटा ॲनालिसिस करून मिळेल.’ पीएचडीचा विद्यार्थी भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन तिथे जातो. आठ-दहा दिवसांनी त्याला तक्ते, आलेख, काय-स्क्वेअर, टी-टेस्ट आणि प्रत्येक तक्त्याखाली दोन ओळींचे ‘विश्लेषण’ मिळते. त्याच्या थिसिसचे चौथे प्रकरण तयार होते. परिकल्पना स्वीकारली की नाकारली, हेही त्याला दुकानातूनच कळते. व्हायवाला कुणी विचारलेच की ही कसोटी का लावली, तर तो गाईडकडे पाहतो आणि गाईड टेबलाकडे पाहतात.

यात विद्यार्थ्याला चोर ठरवणे सोपे आहे. पण मराठी, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजकार्य किंवा वाणिज्य शिकून आलेल्या मुलाला संख्याशास्त्र कुणी शिकवले होते का? अनेकदा दहावीनंतर त्याची गणिताशी फारशी गाठ पडलेली नसते. कोर्सवर्कमध्ये संशोधनपद्धतीची काही व्याख्याने होतात. त्यात मध्य, मध्यक, बहुलक आणि प्रमाण विचलनाची सूत्रे फळ्यावर लिहिली जातात. त्यानंतर तीन-चार वर्षांनी खरी माहिती हातात येते, तेव्हा त्याच्या समोर बसून ‘तुझा प्रश्न नेमका काय आहे?’ असे विचारणारा माणूस विद्यापीठात सापडत नाही. बाहेरच्या दुकानात मात्र कुणीतरी बसलेले असते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ग्रंथालय जसे विद्यापीठाने द्यायचे असते, तसा संख्याशास्त्राचा सल्लाही विद्यापीठाने द्यायला हवा. तोही मोफत आणि संशोधन सुरू होण्याआधी. तो मिळत नाही याचा फटका सगळ्याच संशोधकांना बसतो. पण ज्या समाजांना आपली अवस्था आकड्यांनी सिद्ध करून दाखवावी लागते, त्यांना तो सगळ्यात जास्त बसतो. मुस्लिम समाज त्यांत अग्रभागी आहे.

आकड्याने काय होते?

सच्चर समितीचे उदाहरण घेऊ. मार्च २००५ मध्ये नेमलेल्या या समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल दिला. त्याआधी मुसलमानांच्या शिक्षणाची चर्चा सुरू झाली की ती मदरशापाशी येऊन थांबायची. ‘यांची मुले मदरशातच जातात, मग शिकणार कशी?’ हे वाक्य सुशिक्षित लोकही सहज बोलून जात. शाळेत जाण्याच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम तीन-चार टक्के मुले मदरशात जातात, हे सच्चर अहवालाने दाखवून दिले. बाकीची एक तर साध्या शाळेत होती किंवा कुठेच नव्हती. एका आकड्याने प्रश्नाची दिशा बदलली. मदरसा सुधारा म्हणणाऱ्यांना वस्तीत शाळा कुठे आहे, हे पाहावे लागले. त्याच अहवालाने आयएएसमध्ये मुस्लिमांचे प्रमाण ३ टक्के आणि आयपीएसमध्ये ४ टक्के असल्याचे सांगितले. त्यामुळे ‘लांगूलचालना’च्या आरोपाला उत्तर देताना आवाज चढवण्याची गरज उरली नाही.

लोकसंख्येचेही तसेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत मुस्लिम स्त्रियांचा एकूण जननदर ४.४ होता. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत तो २.४ च्या आसपास आला. हा आकडा माहीत असलेला माणूस व्हॉट्सॲपवरच्या भीतीला उत्तर देऊ शकतो. ज्याला तो माहीत नाही, तो फक्त चिडू शकतो.

महाराष्ट्रात राज्य सरकारने २००८ साली डॉ. मेहमूद-उर-रहमान यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. त्याचा अहवाल २०१३ मध्ये आला. २०१४ साली शिक्षण आणि नोकऱ्यांत मुस्लिमांतील मागास घटकांना ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतील आरक्षणाला स्थगिती दिली, शिक्षणातील मात्र चालू ठेवले. पुढे अध्यादेशाचे कायद्यात रूपांतर झाले नाही, ही गोष्ट वेगळी. पण न्यायालयात माहितीचे वजन काय असते, हे तेव्हा दिसले. मार्च २०२१ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांतील ओबीसी आरक्षणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नव्याने जमवलेली, काटेकोर माहिती मागितली. तेव्हापासून ‘इंपिरिकल डेटा’ हा शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येऊ लागला. आता कुठलाही समाज काहीही मागायला गेला की पहिला प्रश्न तोच असतो: डेटा आहे का?

मग हा डेटा येतो कुठून? मोठी सरकारी सर्वेक्षणे राज्याचे आणि देशाचे चित्र देतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लिम सुमारे १ कोटी ३० लाख, म्हणजे साडेअकरा टक्के होते. राज्याच्या नमुन्यातून एक जिल्हा काढला, त्यातून मुस्लिम, त्यातून स्त्रिया आणि त्यातून पदवी घेतलेल्या स्त्रिया काढल्या, तर हातात मूठभर घरे उरतात. तेवढ्यावर काही ठाम बोलता येत नाही. त्यात २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. भिवंडीतला यंत्रमाग कामगार, मिरजेतला तंतुवाद्य बनवणारा कारागीर, मराठवाड्यातला बागवान किंवा कोकणातून आखातात गेलेल्या माणसाचे घर यांच्याविषयी नेमकी माहिती हवी असेल, तर तिथे जाऊन प्रश्न विचारणारा संशोधकच लागतो. बहुतेक वेळा तो पीएचडी करणारा, कधी एमएसडब्ल्यूचा प्रकल्प करणारा आणि पुष्कळदा त्याच वस्तीतला असतो. दारे त्याला उघडतात, बायका त्याच्या बहिणीशी मोकळेपणाने बोलतात. बाहेरच्या मोठ्या संस्थेला मिळणार नाही अशी माहिती तो आणतो. आणि पुढे ती गेटबाहेरच्या दुकानात नेऊन देतो.

तीनशे चौऱ्याऐंशीचे गणित

सल्ला नसल्यामुळे नेमके काय बिघडते, ते पाहू.

आपल्याकडच्या प्रबंधांत ३८४ हा आकडा वारंवार भेटतो. क्रेजसी आणि मॉर्गन या दोघांनी १९७० साली एक तक्ता प्रसिद्ध केला. लोकसंख्या कितीही मोठी असली तरी साधारण ३८४ लोकांचा नमुना पुरतो, असे त्यावरून दिसते. विद्यार्थी तक्त्याचा हवाला देतो, ३८४ फॉर्म भरून घेतो आणि निश्चिंत होतो. तक्त्यामागची अट त्याला कुणी सांगितलेली नसते. हा आकडा साध्या यादृच्छिक नमुन्यासाठी आहे. म्हणजे सगळ्या लोकांची यादी हवी आणि त्यातून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी नावे निवडायला हवीत. जुम्याच्या नमाजानंतर मशिदीच्या दारात उभे राहून भरून घेतलेले ३८४ फॉर्म या हिशेबात बसत नाहीत. तिथे बायका नसतात, दुसऱ्या पाळीत काम करणारा कामगार नसतो आणि ज्याला वेळ आहे तोच थांबतो.

समजा विद्यार्थ्याने मेहनत घेतली. शहरातले आठ मोहल्ले निवडले आणि प्रत्येकातली ४८ घरे केली. एकूण ३८४ झाली. तरी अडचण राहतेच. एका मोहल्ल्यातली घरे एकमेकांसारखी असतात. धंदा तोच, शाळा तीच, नळाला पाणी येण्याची वेळही तीच. हे सारखेपण मोजायचे एक माप आहे. ते फक्त ०.०५ धरले, तरी त्या ३८४ घरांची ताकद सुमारे ११५ घरांएवढीच उरते. मग ५ टक्क्यांची मानलेली चूक ९ टक्क्यांपर्यंत जाते. ‘६० टक्के मुली दहावीनंतर शाळा सोडतात’ असे आपण लिहिले, तर खरा आकडा ५१ ते ६९ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. आठऐवजी चोवीस मोहल्ले घेऊन प्रत्येकात १६ घरे केली असती, तर फॉर्म तेवढेच लागले असते आणि ताकद २१९ घरांएवढी, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाली असती. हे सांगायला कुणाला तरी अर्धा तास लागला असता. फॉर्म भरून झाल्यावर मात्र सांगून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट कसोट्यांची. दुकानदार मेहनती असतो. तो प्रत्येक प्रश्नाचा प्रत्येक गटाशी तक्ता काढतो. वय, शिक्षण, उत्पन्न, लिंग. वीस तक्ते, वीस काय-स्क्वेअर. ०.०५ ची पातळी याचा अर्थ असा की खरा संबंध काहीच नसताना वीसपैकी सरासरी एक कसोटी ‘लक्षणीय’ निघेल. या वीस कसोट्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर निदान एक तरी खोटा निष्कर्ष निघण्याची शक्यता ६४ टक्के होते. विद्यार्थी नेमका तोच तक्ता उचलतो, त्यावर निष्कर्ष लिहितो आणि शिफारशींच्या प्रकरणात सरकारला सल्ला देतो.

तिसरी गोष्ट प्रश्न विचारण्याची आहे. तिला गणित लागत नाही, पण बिघाड तिच्यामुळे सर्वांत जास्त होतो. प्रश्नावली छापील मराठीत असते. वस्तीत ती दखनीत किंवा उर्दूत तोंडी विचारली जाते. ‘तुम्ही रोजगार करता का?’ या प्रश्नाला बिडी वळणारी, कपड्यांवर टिकल्या लावणारी किंवा शिवणकाम करणारी बाई सहज सांगते, ‘नहीं, घर पेच रहती.’ तिचे रोजचे सहा तासांचे काम तक्त्यात शून्य म्हणून जाते. मग ‘मुस्लिम स्त्रियांचा श्रमातील सहभाग अत्यल्प’ असा निष्कर्ष निघतो आणि त्याचे कारण म्हणून पुढच्याच ओळीत धर्म येतो. चांगला संख्याशास्त्रज्ञ आकडे पाहण्याआधी विचारतो: कसे विचारले, कुणी विचारले, कुठल्या भाषेत, घरात तेव्हा आणखी कोण होते? ‘काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केले?’ असे विचारले असते तर वेगळेच चित्र दिसले असते.

अशी माहिती न्यायालयात किंवा आयोगापुढे गेली, तर समोरचा वकील पहिल्या पाच मिनिटांत तिच्या चिंध्या करेल. त्यात दुःख असे की वस्तीतले दुःख खरे असते, फक्त आपला पुरावा कच्चा ठरतो. आणि पुरावा कच्चा ठरला की दुःखही खोटेच होते, असे म्हणायला लोक मोकळे होतात.

हे आपल्याकडे होऊन गेले आहे

संशोधकाला संख्याशास्त्रज्ञाने मदत करावी, ही कल्पना परदेशातून आणायची गरज नाही. भारतातले संख्याशास्त्रच तिथून उभे राहिले. प्रशांतचंद्र महालनोबिस हे मुळात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. १९२० साली नागपूरला भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात त्यांची नेल्सन ॲनंडेल या प्राणिशास्त्रज्ञाशी गाठ पडली. ॲनंडेल यांच्याकडे कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीराची मोजमापे होती आणि त्यांचे काय करायचे हा प्रश्न होता. महालनोबिसांनी तो अंगावर घेतला. अशाच कामांतून प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये संख्याशास्त्राची प्रयोगशाळा उभी राहिली आणि १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन झाली. पुढे जगभर ज्याला ‘महालनोबिस अंतर’ म्हणतात ते मापही माणसांच्या मोजमापांच्या याच अभ्यासातून आले. मदत मागणाऱ्याचा फायदा झालाच, मदत करणाऱ्याच्या शास्त्रालाही नवा विषय मिळाला.

१९३८ च्या जानेवारीत कलकत्त्याला भारतीय संख्याशास्त्र परिषद भरली. तिचे अध्यक्ष होते रोनाल्ड फिशर. प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणे म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला लावणे आहे, फार तर प्रयोग कशाने मेला एवढे तो सांगू शकेल, अशा आशयाचे त्यांचे बोल आजही सांगितले जातात. ते बोलले गेले आपल्याच देशात. आपली विद्यापीठे अजून शवागाराच्याच दारात उभी आहेत.

महाराष्ट्राची परंपराही लहान नाही. साताऱ्याच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी शेतीवर संशोधन करणाऱ्यांसाठी लिहिलेले संख्याशास्त्राचे पुस्तक भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ साली काढले. पिकाच्या प्रयोगाची आखणी कशी करावी, हे शेतीशास्त्र शिकणाऱ्याला समजेल अशा तऱ्हेने त्यात सांगितले होते. पिढ्यान्‌पिढ्या कृषी महाविद्यालयांत ते वापरले गेले. इरावती कर्वे यांनी महाराष्ट्रातल्या लोकांची शरीरमापे जमवली, तेव्हा त्यांच्या जोडीला वि. म. दांडेकर होते. त्यांनी महालनोबिसांच्या संस्थेत संख्याशास्त्राचे धडे घेतले होते. मानववंशशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अशा दोघांच्या नावाने ते काम डेक्कन कॉलेजने १९५१ मध्ये प्रसिद्ध केले. गोव्यात जन्मलेले आणि तरुणपणी अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गणित शिकवलेले दा. ध. कोसंबी यांनी प्राचीन नाण्यांच्या वजनांना संख्याशास्त्र लावले. इतिहासाला आकड्यांचे वावडे नाही, हे त्यातून दिसले. पुणे विद्यापीठात १९५३ साली संख्याशास्त्राचा विभाग कोल्हापूरच्या वि. स. हुजूरबाजारांनी उभा केला.

आज ही मदत कुणाला मिळते? वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम विभागात संख्याशास्त्रज्ञाचे पद असते. एमडी करणाऱ्याला नमुन्याचा आकार नैतिकता समितीपुढे सांगावा लागतो, म्हणून तो त्याच्याकडे जातो. कृषी विद्यापीठात प्लॉटची मांडणी कशी करायची, हे पेरणीआधी ठरवावे लागते. म्हणजे औषधासाठी आणि ज्वारीसाठी विचारायला माणूस आहे. वस्तीतल्या माणसांचा अभ्यास करणाऱ्याला मात्र ‘तुमचे तुम्ही बघा’ असे उत्तर मिळते. संख्याशास्त्राचा विभाग ज्या आवारात असतो, तिथेही तो एका इमारतीत आणि समाजशास्त्र दुसऱ्या इमारतीत असते. दोघांची गाठ पडते ती परीक्षेच्या पेपर तपासणीत किंवा निवडणुकीच्या ड्यूटीवर.

पैशाचा प्रश्न

बाहेरून विश्लेषण करून घेणे ज्याला परवडते, त्याचे निदान तक्ते तरी देखणे होतात. ज्याला परवडत नाही, तो मित्राच्या मित्राला गाठतो. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप अल्पसंख्याक समाजातल्या पीएचडी करणाऱ्यांना आधार देत होती. ती बंद केल्याचे सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सांगितले. त्यानंतर ज्या मुलामुलींनी शिकवण्या घेऊन, तासिका तत्त्वावर शिकवून संशोधन चालू ठेवले, त्यांना चौथ्या प्रकरणाची किंमत वेगळी मोजावी लागते. मुली तर आणखी अडचणीत. संध्याकाळी उशिरा अनोळखी दुकानात बसून ‘सर, हा तक्ता बदला ना’ म्हणणे प्रत्येकीला जमत नाही.

विद्यापीठे म्हणतील, पैसे कुठे आहेत? पण पैसे आहेत. यूजीसीने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याचे नियम केले. १० टक्क्यांपर्यंत साम्य चालेल, ४० पर्यंत इतके, ६० च्या पुढे इतके, अशा पायऱ्या ठरवल्या. ते तपासायला सॉफ्टवेअर आले, ग्रंथालयात माणूस बसला, प्रमाणपत्र सक्तीचे झाले. वाक्य चोरले तर ते सापडते. पण अख्खे प्रकरण विकत घेतले असेल, तर आकडे नवेच असल्यामुळे साम्य शून्य निघते. पकडण्यासाठी जो खर्च होतो त्याच्या थोड्या भागात शिकवणेही होऊ शकते. सॉफ्टवेअरचे म्हणाल तर महागड्या परवान्याची गरज नाही. ‘आर’, ‘जामोवी’, ‘जास्प’ ही सगळी मोफत आहेत आणि पीएचडीच्या कामाला पुरून उरतात. खरी टंचाई वेळ देणाऱ्या माणसाची आहे.

‘मग विद्यार्थ्याने स्वतः शिकायचे काय?’

हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला टाळून जाता येणार नाही. कुणी म्हणेल, सल्लागार बसवला की विद्यार्थी त्याच्यावरच काम ढकलेल, म्हणजे दुकान गेटबाहेरून आत आले एवढेच.

फरक कामाच्या पद्धतीत आहे. दुकानदार माहिती घेतो आणि उत्तर देतो. सल्लागाराने प्रश्न विचारायचे असतात. तुला नेमके काय शोधायचे आहे? तुलना कुणाशी? मुस्लिम मुलींची गळती जास्त दिसते, पण त्याच उत्पन्नाच्या, त्याच वस्तीतल्या इतर मुलींची किती आहे? हा एक प्रश्न वेळेवर विचारला गेला, तर संशोधक आपल्या नमुन्यात शेजारच्या गल्लीतली बिगरमुस्लिम घरेही घेईल. मग जे धर्माचे वाटत होते त्यातले किती गरिबीचे, किती शाळेच्या अंतराचे, किती असुरक्षिततेचे, हे वेगळे करता येईल. कदाचित काही भाग खरोखर आपल्याच चालीरीतींचा निघेल. तोही कळला पाहिजे. आपल्याला हवे तेच सांगणारा आकडा समाजाच्या काय कामाचा?

चांगला सल्लागार कधी कधी असेही सांगतो की इथे आकड्यांची गरजच नाही. तलाकपीडित बारा स्त्रियांशी दीर्घ मुलाखती केल्या असतील, तर त्यांचे टक्के काढू नकोस. त्या काय म्हणाल्या ते नीट लिही. आज असंख्य प्रबंधांत बळेच काय-स्क्वेअर घुसवला जातो, कारण त्याशिवाय काम ‘शास्त्रीय’ वाटत नाही, असा समज आहे. तो समज दूर करणे हाही सल्ल्याचाच भाग आहे.

राहिला गाईडचा प्रश्न. गाईडला आपल्या विषयाचे ज्ञान असते. त्यांनी संख्याशास्त्रही जाणावे ही अपेक्षा आपण करतो आणि मग ते जाणत नाहीत हे सगळेच मिळून लपवतो. सल्लाकेंद्रात गाईड आणि विद्यार्थी एकत्र येऊन बसले, तर त्यात कुणाचाही कमीपणा नाही. इरावतीबाई आणि दांडेकर एका पुस्तकावर दोन नावे लावू शकले, तर आपल्या प्राध्यापकांना एका टेबलाशी बसायला काय हरकत आहे?

काय करता येईल

मोठ्या इमारतीची गरज नाही. आठवड्यातले दोन दिवस, ठरलेली वेळ, एक खोली, दोन संगणक आणि संख्याशास्त्राचा एक शिक्षक. त्याचे हे तास अध्यापनाच्या भारात धरले पाहिजेत, नाहीतर तो उपकार म्हणून चार महिने करेल आणि थांबेल. एमएस्सी संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रकल्प लागतातच. पुस्तकातल्या तयार माहितीऐवजी त्यांनी शिक्षकाच्या देखरेखीखाली या खोलीत खरे प्रश्न सोडवले, तर दोन्ही बाजूंचे शिक्षण होईल. अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या विद्यापीठात जॉर्ज स्नेडेकर यांनी १९३३ सालीच अशी प्रयोगशाळा उभी केली होती.

एक नियम मात्र कडक हवा: पहिली भेट सिनॉप्सिस मंजूर होण्याआधी. प्रश्नावली छापण्याआधी, एकही फॉर्म भरण्याआधी. सल्लागाराने एका पानावर लिहून द्यावे की नमुना कसा निवडायचा ठरले, किती आणि का, आणि कुठल्या प्रश्नाला कुठली कसोटी. ते पान प्रबंधाच्या परिशिष्टात लागावे. शेवटी मूळ माहितीची फाइल, नावे-पत्ते काढून, विद्यापीठात जमा व्हावी. लोकांनी आपल्या घरातल्या गोष्टी संशोधकाला सांगितल्या, ती त्यांची अमानत आहे. ती एका दुकानदाराच्या पेनड्राइव्हवर पडून राहणे शोभत नाही.

दुसरे काम सरकारच्या नव्या संस्थांचे आहे. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ या संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली. तिच्याकडून आपण स्पर्धा परीक्षेचे वर्ग आणि फेलोशिप मागतो, ते योग्यच आहे. त्याबरोबर एक संख्याशास्त्र कक्षही मागायला हवा, जिथे नांदेडची किंवा मालेगावची मुलगी मोबाइलवरूनही वेळ घेऊन आपली प्रश्नावली दाखवू शकेल, मराठीत आणि उर्दूत. चारही संस्थांनी मिळून असा कक्ष चालवला तर आणखी चांगले. भटक्या जमातींवर काम करणाऱ्या मुलाची अडचण याहून वेगळी नाही.

तिसरे काम आपले स्वतःचे आहे. आपल्या समाजाच्या शिक्षणसंस्था आणि ट्रस्ट दरवर्षी शिष्यवृत्त्या वाटतात, गुणवंतांचे सत्कार करतात. पीएचडी मिळाली की शाल येते. ती मिळवताना तिसऱ्या वर्षी अडकलेल्या मुलाकडे कुणी येत नाही. एखाद्या ट्रस्टने संख्याशास्त्र शिकवणाऱ्या निवृत्त प्राध्यापकाला महिन्यातून दोन रविवार मानधन देऊन बोलावले, तर चार-पाच जिल्ह्यांतल्या संशोधकांचे काम होऊ शकते. सत्काराच्या एका कार्यक्रमाचा मंडप त्याहून महाग पडतो. आणि घरात बारावीला गणितात हुशार मुलगी असेल, तर इंजिनिअरिंग आणि फार्मसीच्या पलीकडे संख्याशास्त्र नावाचा विषय आहे, हेही तिला सांगायला हरकत नाही. आपल्या मोहल्ल्याचा हिशेब मांडणारी माणसे आपल्यातूनही यायला हवीत.

पुढच्या काही वर्षांत पुन्हा आयोग बसतील, पुन्हा न्यायालये माहिती मागतील, पुन्हा कुणीतरी मुसलमानांविषयी बेधडक आकडे फेकेल. तेव्हा आपण शोधाशोध करू आणि कपाटातले प्रबंध बाहेर काढू. त्यांतले किती उलटतपासणीत टिकतील, हे आज कुठल्या तरी विद्यापीठात सिनॉप्सिस घेऊन उभ्या असलेल्या मुलामुलींना अर्धा तास कोण देतो, यावर अवलंबून आहे.